विहिरीत गोल धोंडे निघालेत: जुनी नदी की जागीच झिजलेला खडक?

निरगुडी:

नमस्कार मंडळी,

मी शाळेत मराठी शिकवते. भूगोलाचे सर बदलून गेले आणि यंदा नववीचा भूगोलही माझ्याच गळ्यात आला. सध्या विदारणाचा, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-झिजण्याचा, धडा चाललाय. कायिक, रासायनिक, जैविक असे तीन कप्पे, प्रत्येकात चार-दोन नावं, आणि मुलं ती धडाधड म्हणून दाखवतात. तिथवर ठीक आहे.

घोळ माहेरी झालाय. पुरंदर तालुक्यात भावाने विहीर खणायला घेतली आहे. वर हातभर काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. खाली पिवळसर मुरूम लागला आणि दहा फुटांच्या पुढे त्या मुरमात गोल गरगरीत धोंडे निघायला लागले. काही डोक्याएवढे, काही धान्याच्या पोत्याएवढे. पोकलेनचा दात लागला की धोंड्यावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. सगळ्यात बाहेरचा पापुद्रा हातानेच चुरतो, त्याच्या आतला जरा घट्ट, आणि मधोमध काळा कुळकुळीत गाभा. त्याला ब्रेकरच लावावा लागतो.

ठेकेदार म्हणतो, "ताई, हे नदीचे गोटे. इथनं पूर्वी नदी जायची, पाणी लागतंय बघा." आप्पा लगेच म्हणाले, कऱ्हाच असणार. पाणाड्याचा नारळही त्याच जागी उभा राहिला होता, त्यामुळे घरात आता या विषयावर चर्चा बंद आहे.

मला पुस्तकातलं अपपर्णन आठवलं. दिवसा खडक तापतो, रात्री गार होतो, वरचे थर सुटतात. शेजारी वाळवंटाचं चित्र. पण हे धोंडे जमिनीच्या पोटातले आहेत. तिथे कुठलं ऊन आणि कुठली थंडी? मग पापुद्रे कशाने सुटले? आणि नदी नसेल तर इतका गोल आकार आला कुठून?

कोणी जाणकार असेल तर पोरांना कळेल अशा भाषेत सांगा. ठेकेदाराला कळेल अशा भाषेत सांगितलंत तर अजून बरं.


उंटावरचा_शहाणा:

नारळ उभा राहिलाय म्हणताय, मग भूगर्भशास्त्राचं काय काम? (हलके घ्या.)

पण प्रश्न झकास आहे. घाटातल्या रस्त्यांच्या कटिंगमध्ये असे गोटे मुरमात कोणीतरी बसवून ठेवल्यासारखे दिसतात, ते मीही पाहिलेत. काळापाषाणकाका कुठायत?


काळापाषाण:

आहे इथेच. जेवण आटोपून बसलो.

निरगुडीताई, उभी नोकरी विहिरी मोजण्यात गेली, त्यामुळे या गोट्यांशी जुनी ओळख आहे. नदीचा संबंध नाही, हे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ ठरतंच. तरी ठेकेदाराला पटवायचं तर विहिरीतच दाखवा.

एक धोंडा काढण्याआधी तो ज्या मुरमात बसलाय तो मुरूम नीट बघा. नदीच्या गोट्यांच्या मधे वाळू असते, बारीक खडी असते, आणि गोटे वेगवेगळ्या दगडांचे असतात: एक काळा, एक करडा, एक भोकाभोकांचा, जिथून जिथून पाण्याने आणले तिथले. तुमच्या विहिरीत सगळे एकाच दगडाचे असणार. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या आपल्या नेहमीच्या काळ्या दगडात, बऱ्याचदा पांढरे ठिपके असतात. लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्या पुढे झिओलाइट नाहीतर कॅल्साइट या खनिजांनी भरल्या, तेच ते ठिपके. धोंड्यात असे ठिपके असतील तर बाजूच्या मुरमातही तसेच, त्याच आकाराचे, जागच्या जागी बसलेले दिसतील. नदीने वाहून आणलेल्या गाळात हे होणं शक्य नाही. दुसरं, मुरमाच्या उभ्या कापावर पाणी मारा. त्यात उभ्या-आडव्या रेघा उमटतील आणि प्रत्येक चौकटीत एकेक धोंडा बसलेला असेल. तिसरं, हातोडी घ्या. नदीचा गोटा बाहेरूनच खणखणतो. तुमचा धोंडा बाहेर भद्द वाजेल आणि पापुद्रे निघत गेले की आवाज बदलत जाईल.

आता गोल का. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला तडे जातात. आपण त्यांना सांधे म्हणतो. उभे-आडवे सांधे मिळून खडकाचे चौकोनी ठोकळे पडतात. पावसाचं पाणी मुरतं ते या सांध्यांतून. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच अंगाने भिडतं, कडेला दोन अंगांनी, कोपऱ्याला तीन अंगांनी. साहजिकच कोपरे आधी कुजतात, मग कडा, बाजू सगळ्यात शेवटी. चौकोनी ठोकळा असा आतल्या आत गोल होत जातो. कोणी घरंगळवला नाही, कोणी घासला नाही, जागचा हललासुद्धा नाही. जो भाग कुजला तो मुरूम, जो अजून राहिलाय तो गाभा.

पापुद्र्यांचं उत्तर याच पाण्यात आहे. पाऊस हवेतून येतानाच थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, पण खरी भर जमिनीत पडते. मुळांच्या श्वसनामुळे आणि पालापाचोळा कुजल्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तिथून झिरपलेलं पाणी सौम्य आम्ल होऊन सांध्यात शिरतं. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची त्याने चिकणमाती होते. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन या खनिजांतलं लोखंड सुटून गंजतं, म्हणून मुरूम पिवळा-तांबूस. खनिजांत पाणी शिरल्यावर ती फुगतात, वरचा थर आतल्या ताज्या दगडापेक्षा मोठा होऊ बघतो आणि ताण येऊन सुटतो. एक सुटला की पाणी पुढच्या थराशी. त्यामुळे तुमच्या धोंड्याचे पापुद्रे रासायनिक विदारणाचे आहेत, ऊन-थंडीचे नाहीत. पापुद्रे दिसले की अपपर्णन आणि अपपर्णन म्हटलं की वाळवंट, हे समीकरण मुलांच्या डोक्यातून आत्ताच काढलंत तर पुढे बरं पडेल.

वेळ काढून एक गंमत करा. वाळलेला मुरूम कुटून त्याच्या भुकटीतून चुंबक फिरवा. काळे बारीक कण चिकटतील. ते मॅग्नेटाइट. बाकी मंडळी कुजून गेली तरी हे टिकाव धरून असतं.


जातं_पाटा:

काळापाषाणकाका, सगळं मान्य, पण उन्हाने दगड फुटत नाही हे काही पटत नाही. आमचे आजोबा वडार लोकांबरोबर विहिरीच्या कामावर होते. सुरुंग परवडायचा नाही तेव्हा कातळावर लाकडं पेटवून दिवसभर तापवत आणि वरून पाणी ओतत. कातळ तडकायचा. हे तर साक्षात तापमानच झालं ना? आणि चुलीतला दगड फुटलेला सगळ्यांनीच बघितलाय.


काळापाषाण:

आजोबांचं तंत्र एक नंबर. फक्त तिथे कातळ शेकडो अंशांना गेला, वरून एकदम गार पाणी पडलं. वैशाखातल्या उन्हात काळा कातळ पाय भाजण्याइतका तापतो हे खरं, पण म्हणून त्याची चूल होत नाही.

यावर एक जुना प्रयोग आहे आणि तो मला फार आवडतो. अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ साली ग्रॅनाइटचा घासून चकचकीत केलेला तुकडा घेतला आणि तो तापव, गार कर, तापव, गार कर असं ८९,४०० वेळा केलं. तापमानातला फरक सुमारे ११० अंश सेल्सिअस, म्हणजे कुठल्याही वाळवंटात मिळतो त्याहून खूपच जास्त. हिशेबाने २४४ वर्षांचे दिवस-रात्र झाले. दगडावर बघण्यासारखा काही फरक पडला नाही. मग गार करताना त्यांनी पाण्याचा फवारा वापरला. फार थोड्या फेऱ्यांतच चकाकी गेली, तडे दिसायला लागले.

यावरून काही लोकांनी उन्हाला पूर्ण निर्दोष ठरवून टाकलं, ते मला पटत नाही. प्रयोगातला तुकडा लहान होता, चारही बाजूंनी मोकळा. डोंगरातला खडक सगळीकडून आवळलेला असतो, त्याला प्रसरण पावायला जागा नसते, आणि त्याच्यात आधीपासून बारीक चिरा असतात. अलीकडे उघड्यावरच्या धोंड्यांना संवेदक लावून ऐकलं तर उन्हाच्या चढउताराबरोबर आत बारीक तडकण्याचे आवाज नोंदले गेलेत. तेव्हा ऊन हातभार लावतं. पण वाळवंटातही पहाटेचं दव आणि क्षार असतातच, आणि पाणी वगळून एकट्या उन्हाला सगळं श्रेय देणारी आकृती बघितली की माझा हात लाल पेनाकडे जातो.


रोहतांगपार:

लेह रस्त्याच्या कामावर होतो म्हणून दोन ओळी.

बारालाचा खिंडीपासून पुढे तुम्हाला काकांचा गोल धोंडा शोधून सापडणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी जो चुरा पडलेला असतो तो सगळा धारदार कोपऱ्यांचा, हातमोजे फाडणारा. दुपारी बर्फ वितळून पाणी फटीत जातं, रात्री गोठतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, फट रुंदावते. दुसऱ्या दिवशी त्याच फटीत जास्त पाणी मावतं. सकाळी ऊन डोंगरावर आलं की दगड सुटायला लागतात, म्हणून आमच्याकडे काम सुरू करण्याआधी एक माणूस फक्त वर बघायला उभा असायचा. शिट्टी वाजली की पळायचं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात वाचलेली नव्हती. नुसती थंडी उपयोगाची नाही. भर हिवाळ्यात सगळं सलग गोठलेलं असतं तेव्हा दगड कमी पडतात. गोठणं-वितळणं रोजचं सुरू झालं की खरा धोका. शून्याच्या वर-खाली किती वेळा होतं त्यावर सगळं अवलंबून.

आणि तिकडचा ताजा फुटलेला दगड वर्षानुवर्षं तसाच ताजा दिसतो. गंज नाही, मुरूम नाही, मातीही जेमतेम. पाणी बर्फ होऊन बसलेलं, झाडझाडोरा नाही, काकांचं सौम्य आम्ल येणार कुठून?


सड्यावरचा:

रत्नागिरीकराला बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या त्या मुरमाचं पुढे काय होतं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या. आमचा जांभा हा त्याच काळ्या दगडाचा शेवट आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत, मग आठ महिने रणरण. पावसात पाणी खडकातून वरून खाली धावत असतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं धुवून नेतं. उष्ण आणि दमट हवेत सिलिकासुद्धा सुटून जातो. जे कुठेच विरघळायला तयार नाही ते लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. उन्हाळ्यात ते सुकून घट्ट होतं, पुढच्या पावसात पुन्हा धुलाई. असं लाखो वर्षं.

आमची चिरेखाण होती, म्हणजे जांभ्याचे बांधकामाचे ठोकळे (चिरे) काढायची खाण. खाणीत नव्याने उघडलेला जांभा मऊ असतो, ओलसर, तांबडा-पिवळा, मधे पांढरट मातीच्या शिरा. आता चाकाच्या मशीनने सटासट कापतात, पूर्वी हत्याराने तासून काढायचे आणि ते जमायचं ते या मऊपणामुळेच. चिरा बाहेर काढून रचून ठेवला, वारा लागला, की आतलं लोखंड सुकून पक्कं होतं आणि चिरा कडक. भिंतीत बसल्यावर पावसाने पांढरी माती धुऊन जाते, भोकं राहतात. नवीन बांधलेल्या कंपाउंडचा आणि पन्नास वर्षांच्या कंपाउंडचा चिरा शेजारी ठेवा, हा दगड एकच आहे हे मुंबईकर मानत नाहीत.

सड्यावर, म्हणजे आमच्या उघड्या कातळाच्या पठारावर, ही लोखंडाची कडक साय आहे म्हणूनच आमची कातळशिल्पं टिकली. तीही झिजतात, पण सावकाश. सड्यावर माती नाही, शेती नाही, म्हणून लोक त्याला पडीक म्हणतात आणि विकून मोकळे होतात. असो, तो विषय वेगळ्या धाग्याचा.

आणखी एक. जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी चिकणमाती लागते. वरून गाळून आलेलं पाणी तिच्यावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा म्हणून फुटतं. आमच्या वाडीचं पाणी असंच. चिरेखाणवाल्यांनी वरचा जांभा काढला की खालचे झरे का आटतात, हे ग्रामसभेत समजावताना आमचा घसा बसलाय.


निरगुडी:

बाप रे, मी मुलांना "जांभी मृदा: कोकण" एवढंच जोड्या लावायला देत होते!

पण मग प्रश्न असा, दगड एकच, म्हणजे बेसाल्ट. आमच्याकडे वर काळी माती झाली, सड्यावरचा यांच्याकडे जांभा झाला. हा फरक फक्त पावसाचा?


काळापाषाण:

बऱ्याच अंशी पावसाचा, आणि ते पाणी मुरून निघून जातं की साचून राहतं याचा.

दख्खनचा हा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, आणि त्यातल्या घटकांमध्ये फार मोठे फरक नाहीत. तुम्ही महाबळेश्वरहून निघून फलटणवरून सोलापूरला या. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून माथ्यावर जांभा. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, सगळी जांभ्याची टोपी. कोल्हापूरकडच्या डोंगरमाथ्यांवर धुलाई इतकी झाली की लोखंडही बरंचसं निघून जाऊन बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड, तयार झालं. घाट ओलांडून पूर्वेला आलात की काही तासांच्या रस्त्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. इथे पाणी खनिज फोडतं, पण सुटलेला माल वाहून नेण्याइतकं ते उरत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथेच घुटमळतात आणि मॉन्टमोरिलोनाइट नावाची फुगणारी चिकणमाती तयार होते. पावसाळ्यात फुगून बूट ओढून घेणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी तुमची काळी माती ती हीच. आणि तुम्ही लिहिलेले चुनखडीचे खडे म्हणजे धुऊन न गेलेलं कॅल्शियम. रत्नागिरीच्या सड्यावर चुनखडीचा एक खडा शोधून दाखवा, माझ्यातर्फे चहा.

माथ्यावरचा जांभा मात्र फार जुना आहे. आजच्या पावसाचं एकट्याचं ते काम नव्हे, तेव्हाची जमीन आणि हवामान वेगळं होतं.

खडक बदलला तर? ग्रॅनाइट घ्या. त्यात क्वार्ट्झ (गारेचं खनिज) असतो आणि क्वार्ट्झला हे आम्ल सहसा काही करू शकत नाही. सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये खनिजांचा क्रम लावून दाखवला: लाव्ह्यात सगळ्यात आधी, जास्त तापमानाला तयार होणारं ऑलिव्हिन जमिनीवर सगळ्यात आधी नासतं, शेवटी तयार होणारा क्वार्ट्झ सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. म्हणून ग्रॅनाइट कुजला की वाळू मागे राहते आणि आपला बेसाल्ट कुजला की नुसती चिकणमाती. हंपीला गेला असाल तर ते एकावर एक रचलेले प्रचंड गोल धोंडे आठवा. तेही तुमच्या विहिरीसारखेच जमिनीखाली, सांध्यांमध्ये गोल झाले. मधली कुजलेली माती पुढे पावसाने नेली आणि धोंडे उघडे पडले. तिथेही लोक नदीने आणले म्हणतात. तुंगभद्रा शेजारीच आहे, त्यामुळे बिचाऱ्यांना दोष देत नाही.


भरतीओहोटी:

समुद्राचं कोणीच बोललं नाही, म्हणून.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरून खाली गेलात की कातळाच्या भिंतीवर खळग्यांची जाळी दिसते. हाताचं बोट जाईल एवढ्यापासून डोकं जाईल एवढ्यापर्यंत. बहुतेक लोक लाटांचा मार म्हणतात. पण लाट रोज थेट आदळते तिथे खडक जास्त गुळगुळीत असतो. जाळी जास्त करून वर, नुसते तुषार उडतात त्या पट्ट्यात. तुषार खडकात मुरतात, उन्हाने पाणी उडतं, मीठ राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना कणाकणाला ढकलतात. एकदा खळगा पडला की त्यात सावली, ओलावा जास्त वेळ राहतो, मीठ तिथेच साठतं, खळगा खोल होतो. मधल्या भिंती तशाच उभ्या.

बोटाने खळग्याच्या आतून खरवडा, पिठासारखा भुगा निघतो. जिभेला लावून बघा, खारट. (भरतीची वेळ बघून जा. तिथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत, पाटी लावलीय ती शोभेची नाही.)

मास्तरीणबाईंना प्रश्न: मीठ रासायनिक पदार्थ आहे, पण काम करतं ढकलण्याचं. कुठल्या कप्प्यात टाकणार?


निरगुडी:

कायिक. पुस्तकात स्फटिकांची वाढ तिथेच आहे. पण तुमचा खोचकपणा पोचला. :)

जैविकचं काय? आमच्याकडे "झाडांची मुळे, उंदीर-घुशींची बिळे" एवढ्यावर भागवतात.


काळापाषाण:

मुळं फट रुंदावतात हे दिसतं म्हणून तेच लिहितात. कुठल्याही गडाच्या बुरुजावर पिंपळ नाहीतर उंबर बघा. पण मुळं सोडतात तो कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं यांचं काम त्याहून मोठं आहे, आणि ते मी वर रासायनिकमध्ये सांगून बसलो. दगडावर वाढणाऱ्या दगडफुलाचंही तसंच. गोडा मसाल्यात घालतो ते. त्याचे तंतू खनिजांच्या कणांमध्ये शिरतात, ओले-सुके होताना फुगतात-आक्रसतात, शिवाय आम्लही सोडतात. एकटं दगडफूल तिन्ही कप्प्यांत बसतं. कप्पे परीक्षेसाठी ठेवा. एखाद्या ठिकाणचा दगड कसा झिजला हे शोधताना मी चारच गोष्टी विचारतो: दगड कुठला, सांधे किती, पाणी किती आणि किती वेळ, ऊबदार की थंड.


निरगुडी:

काल विहिरीवर जाऊन आले. भावाला खाली उतरवलं, मी काठावरून सूचना.

पाणी मारल्यावर मुरमात खरंच चौकटी दिसल्या! आणि एका धोंड्यात हिरवट-पांढरे ठिपके होते, त्याच्या बाजूच्या मुरमात तसेच ठिपके, फक्त पिठूळ झालेले. नखाने निघाले. ठेकेदाराने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मंग नदी नसंल, पण पाणी लागंल." आप्पा अजून कऱ्हेवर ठाम आहेत.

आता भावाचे प्रश्न. एक, ठेकेदार पाणी लागेल म्हणतो ते बरोबर का? दोन, दक्षिणेच्या बाजूने परवाच्या वळिवात दोन धोंडे सुटून खाली आले. काय करावं? तीन, खाली एका बाजूला वीतभर विटकरी लाल माती लागली आहे.


काळापाषाण:

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. भावाला आजच वर काढा, आणि बाजू बांधून होईपर्यंत कोणालाही खाली पाठवू नका. असा धोंडा पापुद्र्यांच्या भुग्यात बसलेला असतो, त्याला धरून ठेवणारं काही नसतं. भुगा ओला झाला की तो निसटतो. मुरूम संपून सलग पाषाण लागेपर्यंत दगडी बांधकाम किंवा आरसीसी रिंग करून घ्या, आणि मागचं पाणी आत यायला बांधकामात भोकं ठेवायला सांगा. ठेकेदार पैसे वाचवायला रिंग चार फूट वर थांबवू म्हणेल. थांबवू नका.

पाण्याचं म्हणाल तर ठेकेदार म्हणतो तसं ते लागण्याची शक्यता चांगली आहे, फक्त त्याने दिलेलं कारण बरोबर नाही. पाणी धरतो तो हा कुजलेला, सांध्यांचा पट्टा. खालचा सलग काळा पाषाण जवळपास कोरडा, त्यात पाणी असलं तर तड्यांपुरतं. म्हणून मुरूम आणि धोंड्यांचा थर किती जाड आहे ते फूट-पट्टीने मोजून ठेवा. जाड असेल तर विहीर खोल नेण्यापेक्षा व्यास वाढवणं फायद्याचं. उन्हाळ्यात टिकेल का, हे मात्र आसपासच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.

लाल माती म्हणजे गेरू. लाव्ह्याचा एक थर पसरला, बराच काळ उघडा राहिला, त्याचा वरचा भाग कुजला, कधी राख साठली, आणि मग पुढचा लाव्हा त्याच्यावर येऊन भाजून गेला. म्हणजे जे विदारण तुम्ही आज वर बघताय तेच कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन थरांच्या मधे होऊन गेलंय. मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे, डब्यात थोडी भरून न्या. पण विहिरीसाठी तापदायक. तो पाणी खाली जाऊ देत नाही, आणि भिजला की सुटतो, ढासळतो. वीतभर दिसतोय तो आत जाड होऊ शकतो. गेरूच्या वर किमान दोन फूट आणि खाली दोन फूट बांधकाम पक्कं हवं, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह त्याच्या जवळ सोडू नका, नाहीतर लाल पाणी उपसत बसाल.

बाहेर काढलेले धोंडे बांधकामाला वापरणार असाल तर पापुद्रे पूर्ण उतरवून, हातोडीला खणखणतो तेवढाच गाभा घ्या. उरलेला मुरूम रस्त्यावर टाकायला गावात कोणीतरी मागेलच, फुकट देऊ नका.